सहीविना हरकत

हॅडली क्रीक
६ डिसेंबर २०००

प्रिय रोझलिन,

तू पाठवलेली फुलं वेळेवर पोचली. आईने ती शवपेटीच्या पायाशी ठेवायला लावली आणि कार्डावरचं नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं वळवून घेतलं. "सिनेटरच्या कचेरीतून आलीत, दिसू देत सगळ्यांना," म्हणाली. कौतुकाने म्हणाली की कसं, ते मला कळलं नाही.

अंत्यविधी शनिवारी झाला. चर्चमध्ये बसायला जागा उरली नव्हती. माजी सैनिकांच्या संघटनेची माणसं आली होती. त्यांनी पेटीवरचा झेंडा उचलला, त्रिकोणी घडी घातली आणि आईच्या मांडीवर ठेवला. नंतर मागच्या हॉलमध्ये जेवणं झाली. तिथे तुझी आठवण निघाली. लहानपणी तू आमच्या व्हरांड्यात सोड्याचा खोका उलटा घालून त्यावर उभी राहायचीस आणि भाषण ठोकायचीस, आणि बाबा हॅट काढून म्हणायचे, "बोला सिनेटरबाई, तुमचा मामा ऐकतोय." लोक हसले. आईसुद्धा थोडं हसली.

बाबांना करडा सूट घातला होता. तोच, मतदानाला जाताना घालायचे तो. मी निळा काढून ठेवला होता, पण आई म्हणाली, "करडाच घाल. त्या दिवशी त्याचं काम झालं नाही."

तुला त्या दिवसाबद्दल काही माहीत नसेल. फोनवर मी बोललो नव्हतो. पुन्हा कधीतरी लिहीन.

तुला कचेरीतून निघता आलं नाही हे समजलं. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा मामेभाऊ,
वेंडेल


वॉशिंग्टन
१५ डिसेंबर २०००

प्रिय वेंडेल,

तू "लावून घेऊ नकोस" असं लिहितोस तेव्हा ते किती लागतं, हे तुला माहीत असतं. मामा गेले आणि मी तिथे नव्हते. कारणं सांगत नाही. इथे गेला महिना कुणी धड घरी गेलेलं नाही. तुमच्या राज्यातली मतं मोजायची की नाही यावर साऱ्या देशाचा राष्ट्राध्यक्ष अडकला होता. मंगळवारी सर्वोच्च न्यायालयाने मोजणी थांबवली आणि संपलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत माणसं अशी वावरत होती, जणू घरात कुणी गेलंय. मग मला खरोखर गेलेल्या माणसाची आठवण आली आणि स्वतःची लाज वाटली.

माझं बरं चाललंय. आता पूर्ण पत्रविभाग माझ्याकडे आहे. येणारं प्रत्येक पत्र माझ्या हाताखालून जातं आणि जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर साहेबांची सही होते. म्हणजे सही मशीन करतं. खरं पेन लावलेलं मशीन आहे, साहेबांच्या हाताचं वळण हुबेहूब काढतं. किल्ली माझ्याकडे असते. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे अर्धी सिनेटर झालीस की."

तसं सगळंच संपलेलं नाही. सहा जानेवारीला दोन्ही सभागृहं एकत्र बसून राज्याराज्यांची मतं उघडतात. आपल्या काळ्या लोकांपैकी काही प्रतिनिधी तुमच्या राज्याच्या मतांवर हरकत घेणार आहेत. पण नियम असा आहे की हरकत लेखी हवी, आणि तिच्यावर खालच्या सभागृहातल्या एकाची आणि सिनेटमधल्या एकाची सही हवी. प्रतिनिधी हवे तेवढे मिळतील. सिनेटर एकही तयार नाही. सगळ्यांकडे सही मागणं चाललंय, आमच्या साहेबांकडेही. बघू.

त्या दिवशी काय झालं ते लिही.

तुझी,
रोझलिन


हॅडली क्रीक
१९ डिसेंबर २०००

प्रिय रोझलिन,

मला लिहिण्याची सवय नाही. पाण्याच्या तपासणीचे अहवाल लिहितो तेवढंच. तसंच लिहितो.

सात नोव्हेंबरला सकाळी बाबा सूट-हॅट घालून मत द्यायला अग्निशामक केंद्रात गेले. मी बरोबर होतो. टेबलाशी मिसेस पूल होत्या. त्यांची मुलं बाबांनी शाळेच्या बसमधून वर्षानुवर्षं नेली आहेत. त्यांनी यादी चाळली, पुन्हा चाळली आणि मान वर न करता म्हणाल्या, "लेमुएल, तुझं नाव नाही."

बाबा म्हणाले, "नीट बघ. फूटमन. तुझ्या तोंडात आहे तेच नाव."

मग त्यांनी दुसरा कागद बघितला आणि आवाज खाली आणला. राज्याच्या राजधानीतून यादी आली होती. गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना आपल्या राज्यात मत नाही, म्हणून त्यांची नावं काढली होती. त्यांत लेमुएल फूटमन होते.

"मी तुला ओळखते लेमुएल," त्या म्हणाल्या, "पण यादी तुला ओळखत नाही. मी काय करू?"

बाबा म्हणाले, "बाई, मी तुरुंगात एकदाच गेलोय. त्रेसष्ट साली, मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलो तेव्हा. त्याची शिक्षा राहिली होती का?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. मिसेस पूल यांनी मुख्य कचेरीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. सगळ्या जिल्ह्यातून तोच नंबर फिरवत असणार. त्या म्हणाल्या, बाजूला बस, लागला की सांगते. बाबा बंबाशेजारच्या खुर्चीवर हॅट मांडीवर घेऊन बसले. मी कामावर गेलो. दुपारी परत आलो तेव्हा ते तिथेच होते. शेजारपाजारचे लोक मत देऊन जाताना त्यांना विचारत होते, "काय फूटमन, पहारा देताय का?" आणि ते म्हणत होते, "हो, कुणी पेटी पळवू नये म्हणून." केंद्र बंद होईपर्यंत फोन लागला नाही.

घरी येऊन त्यांनी सूट हँगरला लावला. रेडिओ लावला नाही. त्या दिवसाबद्दल पुन्हा बोलले नाहीत. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी अंगणात पडले. मतदानामुळे गेले असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले रक्तदाब जुना होता. मी डॉक्टरांचं मानतो.

आता माझं मागणं. तुझ्या साहेबांना हे सांग. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, बाबांनीही मागितलं नाही. एक सही हवी आहे. ते पत्र वाचत असतील तर हेच पत्र दाखव, चुका असल्या तरी चालेल.

वेंडेल


वॉशिंग्टन
२८ डिसेंबर २०००

प्रिय वेंडेल,

तुझं पत्र मी साहेबांना दिलं. त्यांनी माझ्यासमोर वाचलं. चष्मा काढला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "रोझलिन, हा माणूस मला भेटायला हवा होता." एवढंच. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पण मी तुला खोटी आशा लावणार नाही. इथे काय बोललं जातं ते सांगते, म्हणजे सहा तारखेला तुला धक्का बसणार नाही.

पहिलं, एका सहीने निकाल बदलत नाही. सही झाली की दोन्ही सभागृहं वेगळी होतात, जास्तीत जास्त दोन तास चर्चा होते, मतदान होतं आणि हरकत फेटाळली जाते. संख्याबळ आपल्याकडे नाही. दोन तासांनंतर सगळं जिथल्या तिथे.

दुसरं, हरलेल्या माणसानेच हार मान्य केली आहे. ज्याची लढाई त्याने शस्त्र ठेवल्यावर दुसऱ्याने उचलायचं का, असं साहेबांचे सहकारी विचारतात.

तिसरं मला स्वतःला पटतं, म्हणून लिहिते. राज्यांनी पाठवलेली मतं संसदेने मोजायची असतात, पारखायची नसतात. हा दरवाजा एकदा उघडला की जो हरेल तो त्यातून येईल. आज मामांसारख्या माणसासाठी उघडू. उद्या एखादा असा येईल की ज्याच्याकडे गाऱ्हाणं काहीच नाही, फक्त मागे गर्दी आहे. तेव्हा आपण कोणत्या तोंडाने अडवणार?

रागावू नकोस. मामींना नाताळाचा केक मिळाला का?

रोझलिन


हॅडली क्रीक
२ जानेवारी २००१

प्रिय रोझलिन,

केक मिळाला. चांगला होता.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं, चष्म्यापर्यंतचं. तिने डोळे पुसले. म्हणाली, "म्हणजे माणूस आहे तो." रविवारी तिने पाद्रीबाबांना सांगितलं आणि त्यांनी सगळ्या मंडळीकडून तुझ्या साहेबांसाठी प्रार्थना करून घेतली. नाव घेऊन. आमच्या चर्चमध्ये दूरच्या राज्याच्या गोऱ्या सिनेटरसाठी प्रार्थना पहिल्यांदाच झाली असेल. चर्चचे म्हातारे सेवक डीकन स्पाइट्स शेवटी म्हणाले, "देवा, त्याचं पेन सुकू देऊ नकोस." लोकांनी मोठ्याने आमेन म्हटलं.

काल वर्षाचा पहिला दिवस, म्हणून चवळी आणि कोलार्डच्या पाल्याची भाजी केली होती. आईने बाबांचं ताट मांडलं आणि मग उचलून ठेवलं.

तुझ्या तीन मुद्द्यांवर मी विचार केला.

निकाल बदलणार नाही हे मला माहीत आहे. मी निकाल मागत नाही. दोन तास मागतोय. बाबा त्या खुर्चीवर दिवसभर बसले आणि एका फोनला कुणी उत्तर दिलं नाही. आता साऱ्या देशाने दोन तास बसून ऐकावं की तिथे काय झालं. मग खुशाल फेटाळा. फेटाळायला आधी ऐकावं लागतं.

हरलेल्या माणसाने हार मान्य केली असेल. त्याचं मत यादीतून गेलं नव्हतं. बाबांनी काही मान्य केलं नव्हतं.

दरवाजाचं म्हणशील तर मला तुझी भीती कळते. ती खोटी नाही. पण ज्याच्याकडे गाऱ्हाणं नसेल आणि गर्दी असेल, त्याला त्या दिवशी अडवा. तो येईल म्हणून आज बाबांच्या तोंडावर दार का लावता? त्यांच्यामागे गर्दी नव्हती. मी एकटा होतो, आणि मीही कामावर गेलो होतो.

शनिवारी आम्ही टीव्हीसमोर बसू.

वेंडेल


हॅडली क्रीक
७ जानेवारी २००१

रोझलिन,

काल बघितलं. बैठकीच्या खोलीत आम्ही होतो, डीकन स्पाइट्स होते आणि मिसेस पूल होत्या. त्या न बोलावता आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "लोरीन, मी बसू का?" आई म्हणाली, "खुर्ची आहे की. आमच्याकडे बाजूला बसवत नाहीत." त्या बसल्या.

आपल्या राज्याचं पाकीट उघडलं आणि एकेक प्रतिनिधी उठू लागला. पुरुष उठले, बाया उठल्या. प्रत्येकाला तेच विचारलं गेलं, हरकत लेखी आहे का, सही आहे का, सिनेटरची सही आहे का. प्रत्येकजण म्हणत होता, लेखी आहे, माझी सही आहे, सिनेटरची नाही. मग हातोडा. पुढचा. तिथे चर्चा करायला मनाई आहे म्हणून त्यांना कारणही पूर्ण बोलू दिलं नाही. तरी ते उठत राहिले. अध्यक्षाच्या खुर्चीत तोच हरलेला माणूस होता, तोही तसा सभ्यपणे नाही म्हणत होता.

मी मागच्या रांगांमध्ये तुझ्या साहेबांना शोधत होतो. सिनेटर्स बसलेले दिसत होते. काहीजण खाली बघत होते, काही शेजाऱ्याशी बोलत होते. प्रत्येक वेळी हातोडा पडण्याआधी डीकन पुढे वाकायचे, जणू आता कुणी उठेलच.

शेवटी आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या दालनात एकाकडेही पेन नाही?"

मग ते प्रतिनिधी उठून बाहेर गेले, आणि उरलेले मोजत राहिले. मिसेस पूल रडत होत्या. आईने त्यांना कॉफी दिली. मला ते आवडलं नाही, पण घर तिचं आहे.

तुझे साहेब तिथे होते का, एवढंच कळव.

वेंडेल


वॉशिंग्टन
२२ जानेवारी २००१

प्रिय वेंडेल,

उत्तराला उशीर झाला. शपथविधीची गडबड होती.

साहेब त्या दिवशी इथे नव्हते. त्यांच्या गावी नातीचा बाप्तिस्मा होता, आधीपासून ठरलेला. तसे बरेच सिनेटर आले नव्हते. ते असते तरी काही वेगळं झालं नसतं, हे तुलाही माहीत आहे. पक्षाच्या नेत्यांनी सगळ्यांनाच सांगितलं होतं की कुणी सही करायची नाही. साहेबांना पुढची चार वर्षं निवडून आलेल्या याच लोकांबरोबर काम करायचंय. अपंग मुलांच्या शाळांचं त्यांचं विधेयक आहे, त्यावर मी दोन वर्षं खपले आहे. ते पुढे न्यायचं तर रोज भांडून चालत नाही. तू म्हणशील ही कारणं आहेत. माझं आयुष्य यातच चालतं, वेंडेल. सोड्याच्या खोक्यावर उभं राहून बोलणं सोपं होतं.

सोबतच्या पेटीत मामींसाठी एक झेंडा आहे. मामांच्या नावाने संसदेच्या छतावर चढवलेला. मी मुद्दाम सहा जानेवारीची तारीख मागून घेतली. खाली मोजणी चालू होती तेव्हा वर मामांचा झेंडा होता, असं मामींना सांग. साहेबांचं सांत्वनाचं पत्रही आहे. फ्रेम करून लावता येईल.

कधीतरी फोन उचल.

रोझलिन


हॅडली क्रीक
३ मार्च २००१

रोझलिन,

पेटी मिळाली. झेंडा परत पाठवतो आहे. रागाने नाही. आमच्याकडे बाबांच्या शवपेटीवरचा एक आहे, तो त्यांनी कोरियाच्या लढाईत मिळवलेला आहे. एका घराला तेवढा पुरतो. शिवाय छतावर एकेक झेंडा किती वेळ ठेवतात ते तूच मागे एकदा हसत सांगितलं होतंस. चढवायचा, उतरवायचा, पुढचा. त्या दिवशी खालीही तेच चाललं होतं.

साहेबांचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तुला ते आठवत नसेल, तुझ्याकडून रोज बरीच जात असतील. त्यात लिहिलंय, "आपल्या पतीने आयुष्यभर, अगदी गेल्या नोव्हेंबरपर्यंत, एकही निवडणूक न चुकवता मतदान केलं, हे ऐकून माझी मान आदराने लवली."

आईने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे झालं म्हणायचं मतदान. लेमुएलला कुणीतरी सांगायला हवं." आणि ती शेंगा सोलायला बसली.

तेव्हा मला कळलं की त्यांनी माझं पत्र वाचलेलं नाही. वाचलं असतं तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं. चष्मा आणि खिडकी तू चांगली लिहिली होतीस. आईने त्यावर डोळे पुसले होते, लोकांनी प्रार्थना केली होती. मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिला ते कळलं असेल असं मला वाटतं.

तू माझं पत्र का दिलं नाहीस हे विचारत नाही. ते नाहीच म्हणणार, हे तुला माहीत असेल. किंवा विचारलं की तूही हरकत घेणाऱ्यांत मोजली जाशील, असं वाटलं असेल. पण शेवटी साहेबांची सही मला मिळाली. निळ्या शाईत, वळणदार. मी ती उजेडात धरून बघितली, बोटाने चाचपली. किल्ली तुझ्याकडे असते.

दरवाजाचं तुझं म्हणणं मी अजून खोटं मानत नाही. एखाद्या दिवशी गर्दीवाला माणूस येईलही, आणि त्याच्या हरकतीवर सही करणारा सिनेटर त्याला मिळेल. आमच्यासाठी नव्हता एवढंच मी लक्षात ठेवीन.

दुसरी गोष्ट. गेल्या आठवड्यात निवडणूक कचेरीतून कळवलं की चौकशी झाली. दुसऱ्या राज्यात लेमुएल फूटमन नावाचा, बाबांच्याच वयाचा एक माणूस शिक्षा भोगून आला होता, त्याच्यामुळे बाबांचं नाव चुकून गेलं. ते पुन्हा यादीत घातलं आहे, तसदीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या निवडणुकीत जरूर मतदान करावं.

परवा मिसेस पूल आल्या. आता त्या वरचेवर येतात. म्हणाल्या, "वेंडेल, मृत्यूचा दाखला आणून दे, म्हणजे नाव काढता येईल. कुटुंबाने द्यावा लागतो. नियम आहे."

मी म्हटलं, "ते जिवंत असताना काढलंत, तेव्हा कोणता दाखला लागला होता?"

आई आतून म्हणाली, "वेंडेल, तिला कॉफी विचार." मी विचारली.

दाखला माझ्या खणात आहे. मी तो नेऊन देणार नाही. यादीत लेमुएल फूटमन आहेत, माझ्याकडून ते तसेच राहतील. पुढच्या मतदानाला मी जाईन तेव्हा मिसेस पूल यांना पान उलटताना ते नाव दिसेल, आणि त्यापुढची जागा रिकामी असेल. त्यांनी विचारलं तर मी सांगेन की ही आमची हरकत आहे. हिला सिनेटमधल्या कुणाची सही लागत नाही.

वेंडेल